पहारीने मोजलेली जमीन: कोरडवाहू रब्बी ज्वारीत वाणबदलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागातलं. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. पाऊस बेभरवशाचा आणि त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरात पडणारा, म्हणून शेतीचा खरा हंगाम रब्बीचा. माथ्याला मुरमाड माळ, मधल्या पट्ट्यात मध्यम जमीन आणि ओढ्याच्या कडेने पुरुषभर खोल काळी. एकाच गटनंबरात वरचं टोक बरड आणि खालचं टोक काळं, असंही बऱ्याच ठिकाणी आहे. हा उतार लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

पीक म्हणजे शाळू, अर्थात रब्बी ज्वारी. आणि ज्वारी म्हणजे मालदांडी. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला आणि तेव्हापासून या भागात त्याने ठाण मांडलं. पांढराशुभ्र टपोरा दाणा, गोडसर भाकरी, जनावर आवडीने खाईल असा कडबा. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इतक्या वर्षांत कितीतरी संकरित आणि सुधारित वाण आले, खरिपाची ज्वारी तर संकरित वाणांनी पार बदलून टाकली, पण रब्बीत मालदांडी हलली नाही. याला शेतकऱ्याचा हट्ट म्हणणं सोपं आहे. खरं कारण असं की घरात दाण्याइतकाच कडबा लागतो आणि नुसता दाणा वाढवणारा वाण निम्मंच काम करतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि परभणीच्या विद्यापीठाने गेल्या दोन-अडीच दशकांत हे ओळखून वाण काढले. राहुरीच्या वाणांची तर जमिनीच्या खोलीप्रमाणे वाटणीच आहे. फूटभर मातीच्या हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, त्याहून खोल काळीसाठी फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हे सगळे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत. म्हणजे बियाणं दरवर्षी विकत घ्यायची सक्ती नाही.

अडचण

गावात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने आणि तिथल्या शेतकरी गटाने ज्वारीत हात घातला तेव्हा तक्रार एकच होती: उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न, पडत नाही. माळावरच्या शेतकऱ्यांचं पीक तर पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच्या अवस्थेत, येता येता सुकायचं. दाणा भरला नाही की कणीस पोचट, आणि खोडं आतून काळी पडून पीक मोडून पडायचं. गावात त्याला खडखड्या म्हणतात. हा बुरशीचा रोग, पण त्याला वाट करून देते ती जमिनीतली संपलेली ओल.

यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. जमिनीत ओल किती मुरते, ती किती दिवस टिकते आणि उभं पीक किती दिवसांचं आहे. मालदांडी साधारण चार महिने घेते. फूटभर मातीत चार महिन्यांची ओल मावतच नाही. पण कागदावर ही अडचण उतरली ती एका ओळीत: ‘शेतकरी जुना वाण वापरतात, सुधारित वाणांचा प्रसार करणे.’ अडचण अशी लिहिली की तिचं उत्तरही ठरून जातं. इथेही तसंच झालं.

पहिला निर्णय: प्रात्यक्षिक कुणाच्या रानात?

२०१७ च्या रब्बीत प्रात्यक्षिक घ्यायचं ठरलं. शेतकरी निवडताना चर्चा फार झाली नाही. गावात ज्याचं ऐकतात, जो नवं करून पाहतो, ज्याचं शेत रस्त्याला लागून आहे असा एक शेतकरी सगळ्यांच्या नजरेसमोर होता. त्याची जमीन ओढ्याकडेची, काळी, आणि बाजूला शेततळं. तिथे फुले वसुधा पेरली. बियाण्याला गंधक चोळलं, दोन चाड्याच्या पाभरीने, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराने, खत आणि बी एकाच वेळी पेरलं, पोटरीत असताना शेततळ्यातून एक पाणी दिलं. पीक देखणं आलं. फेब्रुवारीत शेतीदिन झाला, फेटे बांधले गेले, कणसं हातात घेऊन फोटो निघाले.

प्रसाराच्या कामात ही पद्धत सर्रास चालते आणि तिच्यामागे एक तर्क आहे: प्रगतिशील शेतकऱ्याकडे पिकलं की बाकीचे बघून करतात. बघून करतात हे खरंच आहे. पण ते काय बघतात? बघणाऱ्याला कणीस दिसतं. त्याखालची तीन फूट माती आणि शेततळ्याचं पाणी दिसत नाही.

शेतीदिनाला माळावरचा एक म्हातारा शेतकरी संस्थेच्या कार्यकर्त्याला म्हणाला, “आवं, हितं काय पेरलं तरी येतंय. आमच्या खडकावर लावून दावा की.” लोक हसले. ही सूचना वहीत लिहिली गेली नाही. त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं बोलणं तेच होतं.

२०१८: वाण बदनाम होतो

शेतीदिनानंतर मागणी वाढली. संस्थेने बियाण्याच्या पिशव्या आणून गटाच्या सभासदांना वाटल्या. कुणाची जमीन कशी, हे विचारलं नाही. मागेल त्याला पिशवी, एवढाच नियम, आणि न्यायाच्या दृष्टीने तो बरोबरही वाटत होता.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला. परतीच्या पावसाने तर पाठच फिरवली. ऑक्टोबर अखेरीस राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. रब्बीचं निम्मं रान पेरलंच गेलं नाही. ज्यांनी माळावर आणि मध्यम जमिनीत वसुधा पेरली त्यांचं पीक गुडघ्याएवढं होऊन वाळलं. कडबासुद्धा हाती लागला नाही, आणि नेमक्या त्याच वर्षी जनावरं छावणीला न्यायची वेळ आली.

माळावरची मालदांडीही त्या वर्षी गेलीच होती. पण दोन्ही वाण एकाच बांधात शेजारी-शेजारी कुठेच नव्हते. ज्याने नवं पेरलं त्याने सगळं नवं पेरलं, ज्याने जुनं पेरलं त्याने सगळं जुनं. त्यामुळे दोष दुष्काळाचा, जमिनीचा की वाणाचा, हे दाखवायला कुणाकडेच काही नव्हतं. गावाने निकाल दिला: “इद्यापीठाची ज्वारी दुष्काळात टिकत नाही.” आणि हा निकाल सगळ्याच वाणांना लागला. ज्या फुले अनुराधाचा जन्मच हलक्या जमिनीसाठी झाला तिलाही. विद्यापीठ एकच म्हटल्यावर ज्वारीही एकच.

कोणते पर्याय समोर होते

२०१९ च्या उन्हाळ्यात गटाची बैठक झाली. तालुक्याचे कृषी सहायक होते, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातले एक विषयतज्ज्ञ होते. चार वाटा पुढे आल्या.

पहिली, ज्वारीचा नाद सोडायचा आणि हरभऱ्याकडे वळायचं. काळ्या जमिनीवाल्यांना हे पटत होतं. त्यांच्यातले काही जण आधीच वळले होते. पण हरभऱ्याच्या भुसकटावर बैल-गाई जगत नाहीत आणि माळावर हरभराही तसाच सुकतो.

दुसरी, वाणाचा विषय बाजूला ठेवून फक्त ओल धरण्याच्या कामाला लागायचं. रब्बीच्या रानात जुलै-ऑगस्टमध्ये सारा यंत्राने सारे ओढून आडव्या गाद्या, म्हणजे मातीचे छोटे बांध, घालायच्या, छोटे वाफे करायचे, पावसाचा थेंब जिथे पडेल तिथेच मुरवायचा. विषयतज्ज्ञांचं मत या बाजूचं होतं. त्यांचं म्हणणं असं की हलक्या जमिनीत वाण बदलून जे मिळेल त्याहून ओल धरून जास्त मिळेल. शास्त्र म्हणून हे खरं आहे.

तिसरी, पुन्हा पिशव्या वाटायच्या, पण या वेळी जमिनीप्रमाणे. संस्थेच्या कार्यालयाला हे सोयीचं होतं, कारण वर्षाच्या अहवालात लाभार्थींचा आकडा लागतो.

चौथी वाट गटातल्या एका तरुण शेतकऱ्याने सुचवली. कुणालाही आख्खी पिशवी द्यायची नाही. प्रत्येकाने आपल्याच रानात चार-चार पाभरी, म्हणजे पाभरीचे चार-चार फेरे, नवं आणि शेजारी चार-चार पाभरी मालदांडी पेरायची. पेरणी एकाच दिवशी, खत तेच, कोळपणी तीच. पीक गेलं तर दोन्ही जाईल आणि राहिलं तर दिसेल.

शेवटी दुसरी आणि चौथी वाट जोडली गेली. तिसरी नाकारताना संस्थेच्या माणसाला अवघड गेलं, कारण त्यात आकडा छोटा दिसणार होता. हा निर्णय झाला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं माझं मत आहे. देणगीदाराला पाठवायच्या अहवालातला रकाना आणि शेतातली गरज यांची टक्कर होते तेव्हा बहुतेक ठिकाणी रकाना जिंकतो.

पहार आणि टेप

कुणाची जमीन किती खोल, याची चर्चा सुरू झाली आणि वाद पेटला. आपली जमीन हलकी आहे असं मान्य करायला कुणी तयार नव्हतं. सातबाऱ्यावर यातलं काही नसतं आणि जमिनीच्या खोलीवर माणसाची पत ठरते. सोयरीक जुळवतानाही ‘काळी किती’ असं विचारतात.

मग लोखंडी पहार आणि मोजायचा टेप घेऊन सगळ्यांची शेतं फिरायचं ठरलं. मे महिन्यात सकाळी ऊन चढायच्या आत. प्रत्येक शेतात वरच्या टोकाला, मधे आणि खालच्या टोकाला खड्डा घ्यायचा, मुरूम लागेपर्यंत. पहार मुरमाला लागली की आवाज बदलतो. मातीत ती दबक्या आवाजात जाते, मुरमावर खण्ण करते. त्या आवाजाशी वाद घालता येत नव्हता. एकाने ‘माझ्यात तीन फूट माती’ असं छातीठोक सांगितलं होतं, तिथे सव्वा फुटावर आवाज आला. त्याने स्वतःच्या हाताने दोन पावलं सरकून परत पहार मारली. परत तोच आवाज. मग म्हणाला, “आज्यानं बांध खालच्या अंगाला घातला, तवाची माती गेली असंल वाहून.”

मोजमाप समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने काढलं: गावाचा उतार, ओढा, वाटा, आणि प्रत्येक शेतात तीन आकडे. फुटाच्या आतले लाल, दोन फुटांच्या आतले पिवळे, त्याच्या वरचे पांढरे. बऱ्याच शेतांत लाल आणि पांढरा दोन्ही रंग होते. आपलं पीक एका टोकाला का सुकतं, याचं उत्तर लोकांना वाणाची गोष्ट निघायच्या आधीच मिळालं होतं. सगळ्या प्रकरणात पैसा सर्वांत कमी लागला तो याच कामाला.

२०१९-२० चा हंगाम

लाल पट्ट्यात फुले अनुराधा, पिवळ्यात फुले सुचित्रा, पांढऱ्यात ज्याला हवी त्याला वसुधा, आणि सगळीकडे शेजारी मालदांडी. फुले अनुराधा १०५ ते ११० दिवसांत येते, म्हणजे मालदांडीच्या आधी आठ-दहा दिवस तरी. हलक्या जमिनीत शेवटच्या आठवड्यातली ओल म्हणजे दाणा भरणं किंवा न भरणं.

पेरणीचा क्रमही बदलला. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात व्हावी अशी शिफारस आहे, पण गावची रीत अशी की आधी काळी पेरायची, कारण तिच्यावर भरवसा, आणि मग उरलेल्या वेळात माळ. ओलीच्या हिशेबाने हे उलटं हवं. माळाची ओल आधी उडते, म्हणून माळ आधी. काळी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही चालते. यासाठी पाभर आणि बैलजोड्यांचं वेळापत्रक बदलावं लागलं. बैल बहुतेक काळीवाल्यांकडे. त्यांनी आपलं थांबवून दुसऱ्याच्या माळावर आधी पाभर का न्यावी? दोघांनी नेली, बाकीच्यांनी नेली नाही. ज्यांच्याकडे नेली नाही त्यांची पेरणी लांबली, खोडमाशी पडली आणि पोंगेमर झाली, म्हणजे रोपांचे मधले कोंब वाळले. वाणाच्या प्रसारात बैलजोडीचा प्रश्न कुठल्याच आराखड्यात नव्हता.

पेरणीच्या अंतरावर तर गाडी अडूनच बसली. शिफारस ४५ बाय १५ सेंटिमीटरची, एकरी ४ किलो बी. त्यात हेक्टरी साधारण १ लाख ४८ हजार झाडं बसतात. गावात दाट पेरायची पद्धत. कार्यकर्त्याने ‘विरळ पेरा, कणीस मोठं येईल’ असं सांगितलं तेव्हा एका बाईने विचारलं, “आन् ताट जाड झालं तर खाणार कोण, तुमी?” दाट पेरलं की ताट बारीक राहतं, कडबा मऊ होतो, गाय सगळा खाते. विरळ पेरलं की ताट बोटाएवढं जाड, जनावर पानं ओरबाडतं आणि बुडखा टाकून देतं. गव्हाणीत चघळ उरते. दाण्याच्या हिशेबात शिफारस बरोबर आणि कडब्याच्या हिशेबात बाई बरोबर. तडजोड झाली: माळावर ओल कमी म्हणून विरळच, कारण तिथे दाटी केली की सगळीच झाडं उपाशी राहतात. काळ्या जमिनीत ज्याची गुरं जास्त त्याने थोडं दाट पेरावं. ही तडजोड कुठल्या पुस्तिकेत नाही, पण ती केली म्हणून शिफारशीचं उरलेलं निम्मं तरी पाळलं गेलं.

बीजप्रक्रियेला मात्र काहीच त्रास पडला नाही. किलोला ४ ग्रॅम गंधक, एकराच्या बियाण्याला १६ ग्रॅम. काणी रोगाची काळी भुकटी भरलेली कणसं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली, खर्च चहाएवढा, आणि पुढच्या खळ्यात फरक लगेच दिसला. आज गावात जवळपास सगळे गंधक चोळूनच पेरतात.

त्या हंगामात दोन संकटं आली. पहिलं अमेरिकन लष्करी अळीचं. आदल्या वर्षी ही नवी अळी राज्यात मक्यावर आली होती, २०१९ ला तिने ज्वारीचे पोंगेही धरले. दुसरं संकट पाखरांचं होतं आणि ते वाणाच्या गुणातूनच आलं होतं. अनुराधा लवकर चिकात येते. आजूबाजूची सगळी ज्वारी अजून फुलोऱ्यात आणि मधे एकाच रानात दुधाळ दाणा, मग गावची सगळी पाखरं तिथे. एका विधवा बाईच्या तुकड्यात तर पाखरांनी कणसांची नुसती बोंडकं ठेवली. तिच्याकडे गोफण घेऊन माचाणावर बसायला माणूस नव्हता. तिचा तुकडा एकटा, आजूबाजूला सगळी मालदांडी. ज्यांचे लाल तुकडे एकमेकांना लागून होते तिथे हेच नुकसान विखुरलं गेलं आणि राखणही वाटून घेता आली.

भाकरी आणि गव्हाण

खळी झाल्यावर उताऱ्याची तुलना झाली. माळावर अनुराधाने मालदांडीला सरळ मागे टाकलं. मध्यम जमिनीत सुचित्रा थोडी सरस. काळीत वसुधाचा दाणा जास्त, पण फरक इतका नव्हता की माणूस सवय मोडेल.

खरी परीक्षा पुढे होती. फेब्रुवारीच्या शेवटी गावातल्या बायकांनी तिन्ही-चारी दळणं वेगळी केली. पिठाच्या डब्यांवर नाव न लिहिता एक, दोन, तीन, चार टिंबं काढली आणि एकाच बाईने एकाच तव्यावर सगळ्या भाकरी केल्या. काय बघायचं ते बायकांनीच ठरवलं: पीठ पाणी किती पितं, थापताना कड चिरते का, फुगते का, आणि सकाळची भाकरी संध्याकाळी वातड होते का. शेवटचा प्रश्न एकाही शास्त्रीय तक्त्यात नव्हता. पण रानात भाकरी बांधून नेणाऱ्याला तोच महत्त्वाचा. गरम असताना कुणालाच फरक सांगता आला नाही. संध्याकाळी बहुतेकींनी दोन टिंबांचा डबा पसंत केला. ती मालदांडी होती. तीन टिंबांची अनुराधा तिच्या मागोमाग आली. ज्या बाईने वर्षभर ‘इद्यापीठाची भाकरी रबरासारखी’ म्हणून नाक मुरडलं होतं तिने अनुराधाला मालदांडी समजून पहिला नंबर दिला होता. या एका गोष्टीने जेवढा प्रसार झाला तेवढा शेतीदिनाने झाला नव्हता.

गव्हाणीची परीक्षा साधी होती. मोजून पेंढ्या टाकायच्या आणि सकाळी चघळ किती उरली ते बघायचं. त्यात अंतराचाच परिणाम वाणापेक्षा जास्त दिसला. जाड ताट खाणार कोण, असं विचारणाऱ्या बाईचं म्हणणं खरं ठरलं.

२०२० चा पाऊस

पुढच्या वर्षी उलटंच झालं. ऑक्टोबरच्या मध्यावर सोलापूर-पंढरपूर भागात अतिवृष्टी झाली, ओढे-नाले फुटले. काळी जमीन आठवडेच्या आठवडे वाफशावर, म्हणजे पेरण्याजोगी, आली नाही. तिथली पेरणी फार लांबली. माळावर सप्टेंबरात पेरलेली ज्वारी मात्र उभी राहिली, कारण पाणी निघून गेलं. दुष्काळासाठी केलेला ‘माळ आधी’ हा क्रम ओल्या वर्षीही उपयोगी पडेल असं कुणी धरलं नव्हतं. त्या वर्षी मात्र माळाच्या खालच्या कडेला नव्या पेरणीची माती वाहून गेली, आणि ज्यांनी गाद्या घातल्या होत्या त्यांची टिकली.

काय साधलं, काय नाही

माळाच्या सलग पट्ट्यात फुले अनुराधा रुजली. आता तिथले शेतकरी बियाणं आपापसांत देतात. शेताच्या मधल्या भागातली, एकसारख्या उंचीची, निरोगी झाडं हेरून कणसं वेगळी ठेवतात. कडेची घेत नाहीत, कारण शेजारच्या मालदांडीचा पराग येतो. दर तीन-चार वर्षांनी विद्यापीठाकडून थोडं नवं बी आणायचं, असं ठरलं आहे. एकट्यादुकट्या लाल तुकड्यांवर मात्र पाखरांच्या भीतीने परत मालदांडी आली.

मध्यम जमिनीत चित्र मिसळीचं आहे. सुचित्रा काहींनी धरली, काहींनी सोडली, आणि कारणं विचारली तर बहुतेक वेळा बियाणं वेळेवर मिळालं नाही हेच निघतं.

काळीवाले मालदांडीवरच राहिले. त्यांचा हिशेब साफ होता. व्यापारी मालदांडी या नावाला भाव देतो, दाण्याचं पोतं उघडून वाण विचारत नाही. वसुधाचा जास्तीचा दाणा त्या नावापुढे फिका पडला. हे अपयश मानायचं का? माझ्या मते नाही. त्यांच्यासाठी तो योग्यच निर्णय होता आणि वाणबदलाचा आकडा वाढवायला त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता.

वाफ्यांचं काम अर्धवट राहिलं. त्यासाठी खरिपात रान मोकळं ठेवावं लागतं. आता बरेच जण खरिपात उडीद घेऊन मग ज्वारी पेरतात. उडदाचा पैसा सणाच्या तोंडावर हातात येतो, आणि ओलीसाठी तो सोडायला कुणी तयार नाही. विषयतज्ज्ञांचं शास्त्र इथे अडलं. जे खरिपात पड ठेवतात, म्हणजे मुख्यतः माळवाले, त्यांनी गाद्या घातल्या. बाकीच्यांनी निदान उताराला आडवी पेरणी आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं मारून भेगा बुजवणं एवढं घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

प्रात्यक्षिक २०१७ मध्येच तीन जागी घेता आलं असतं: एक माळावर, एक मधे, एक काळीत. खर्च वाढला नसता, उलट एका मोठ्या प्लॉटच्या बियाण्यात तीन छोटे झाले असते. शेतीदिन कमी देखणा झाला असता, हे खरं.

पिशव्या वाटताना ‘निम्म्या रानातच पेरा’ एवढी एक अट २०१८ मध्ये पुरली असती. तेवढ्याने दुष्काळाचं खापर वाणावर फुटलं नसतं. नवीन वाण देणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच वर्षी ठरवावं असं मला वाटतं. कारण कोरडवाहू भागात पाच वर्षांत एक-दोन वर्षं वाईट जाणारच, आणि ज्या वर्षी नवा वाण आला तेच वाईट निघालं तर तो वाण त्या गावात दहा वर्षं परत येत नाही.

बायकांना तिसऱ्या वर्षी विचारलं गेलं, तेही कार्यकर्तीने आग्रह धरला म्हणून. भाकरी आणि वैरण दोन्ही त्यांच्या हातातून जातात. तो डब्यांचा खेळ पेरणीच्या आधी, केंद्रावरून पाच-दहा किलो दाणा आणून करता आला असता.

विधवा बाईच्या तुकड्याचं नुकसान टळण्यासारखं होतं. लवकर येणारा वाण एकट्या तुकड्याला द्यायचा नाही, सलग पट्ट्यालाच द्यायचा, हा नियम नंतर केला. तिच्या नुकसानीची भरपाई गटाने धान्यात केली, पण तिने परत नवं काही पेरलं नाही, आणि तिला तसं करायला कुणी सांगूही नये.

एका गोष्टीवर गटात अजून एकमत नाही. ज्वारीचं क्षेत्र गावात दरवर्षी घटतंच आहे आणि त्याचं कारण वाण नाही, काढणी आहे. उंच ताटं हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. याला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दाण्यात परवडत नाहीत. तरुणांना यंत्राने काढता येईल असा बुटका वाण हवा. म्हाताऱ्यांचं म्हणणं, बुटका म्हणजे कडबा गेला, मग ज्वारी कशाला. यंदाच्या बैठकीत बुटक्या वाणाच्या चार पाभरी पेरून बघायचा ठराव आला. मालकांनी जागा द्यायची तयारी दाखवली ती काळीत, रस्त्याकडेला. माळवाल्यांनी हरकत घेतली, आणि या वेळी ती वहीत लिहिली गेली.